समोर नसलेल्या माणसाबद्दल

संध्याकाळी सहा वाजता मी डोंबिवलीच्या आमच्या घरात, आईच्या खाटेच्या पायथ्याशी आसन घालून बसायचे. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू असायचा, खाली भाजीवाल्याशी कुणाची तरी हुज्जत चाललेली असायची, आणि मध्ये मी डोळे मिटून. मुरबाडच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं साधना केंद्र आहे. तिथेही सहालाच घंटा होते आणि सगळे सभागृहात जाऊन बसतात. केंद्र सोडून कुणी घरी निघालं की त्याला एवढंच सांगतात, की जिथे असाल तिथे सहाला बसा, म्हणजे आपण एकत्रच आहोत. बाकी काही सांगत नाहीत. आईला हे सगळं थोतांड वाटायचं. मी डोळे मिटले की ती हमखास विचारायची, "बसलीस की झोपलीस?"

मी डोळे मिटलेलेच ठेवायचे. त्या वेळी मी एका माणसाच्या शेजारी बसलेली असायचे. ती तिथे, मी इथे, एवढाच काय तो फरक, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं.

ती म्हणजे माझी जोडीदारीण. केंद्रात प्रत्येकाला जोडीदार नेमून देतात. खोली एक, सभागृहातल्या जागा शेजारी-शेजारी, आणि दोघींपैकी जी आधी पोचेल तिने दुसरीचंही आसन घालायचं, अशी तिथली पद्धत. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी होती ती. शाळेत शिक्षिका होती, नवरा गेल्यावर इकडे आली. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करून कंटाळले होते. लग्न केलेलं नव्हतं, विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून एका शिबिराला गेले आणि राहिलेच. पहिल्याच दिवशी मी धावतपळत सभागृहात शिरले तर माझं आसन आधीच घातलेलं होतं, चारी कोपरे सरळ करून. शेजारी ही बाई ताठ बसलेली. डोळे मिटलेले, पण ओठांच्या कडेला हसू. पुढची काही वर्षं रोज मीच उशिरा पोचले आणि रोज माझं आसन घातलेलं होतं.

केंद्र चालवणाऱ्या मोठ्या ताईंचे नियम पुष्कळ. पहाटे उठायचं, स्वतःचं ताट स्वतः घासायचं, दुपारपर्यंत मौन, हे सगळं मला जमलं. एक नियम मात्र माझ्या जिवावर यायचा. जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. वाईट नाही, तसं चांगलंही नाही. अमकी कशी आहे, तमकी कुठे दिसत नाही, असं विचारायचंसुद्धा नाही, कारण विचारणं म्हणजे दुसऱ्याला बोलायला लावणं. आता विचारलंच कुणी, तर मात्र खोटं सांगायचं नाही आणि टाळायचं नाही. सरळ खरं ते सांगून मोकळं व्हायचं. आणि मेलेल्या माणसाला हा नियम लागू नाही. त्याचं नाव घेऊन सगळ्यांनी एकत्र बसायचं.

हा नियम ऐकताना फार सुंदर वाटतो. निंदा नाही, कुचाळक्या नाहीत, पाठीमागे कुणी काही बोलत नाही याची खात्री. पण मी डोंबिवलीत, चाळीच्या गॅलरीत वाढलेली बाई. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही तर मग बोलायचं तरी कशाबद्दल? खोलीत दिवा मालवला की मी सुरू व्हायचे. ती कोल्हापूरची बाई अचानक कशी गेली गं? मोठ्या ताई आज कुणावर रागावल्या होत्या? ती अंधारात उठून माझ्या ओठांवर बोट ठेवायची. तिच्या बोटाला कायम चंदनाच्या साबणाचा वास असायचा. मग मला हसू फुटायचं, मला हसताना बघून तिला, आणि दोघी उशीत तोंड खुपसून हसत राहायचो. एकदा म्हणाली होती, "तुझ्या पोटात काही म्हणता काही राहत नाही." रागाने नव्हे, कौतुकाने म्हणाली होती. ती स्वतः मात्र नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकायची नाही. मी सहा वर्षं तिच्या खोलीत राहिले, पण तिचे नातेवाईक कोण, कुठे असतात, हे मला माहीत नव्हतं. ते समोर नव्हते ना.

मग आई घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ परदेशात, तो फोनवर हळहळण्यापलीकडे काय करणार? मला निघावं लागलं. सकाळची वेळ होती, म्हणजे मौनाची. ती फाटकापर्यंत आली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. माझ्या पिशवीची चेन अर्धवट उघडी होती. ती तिने लावली, चेन पार शेवटपर्यंत गेलीय का ते ओढून बघितलं, आणि मागे वळली. मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत आई उठून बसेल आणि मी परत येईन. आई उठून बसली, पण चालायला काही लागली नाही.

केंद्रात मोबाइल ठेवू देत नाहीत. ऑफिसात एक फोन आहे, तो अडीअडचणीपुरता. घरी आल्यावर मी नवं सिमकार्ड घेतलं. तो नंबर तिच्याजवळ असण्याचं कारण नव्हतं. माझा पत्ताही तिने कधी विचारला नव्हता. पण सहाची बैठक होती आणि रविवार होता. केंद्रातून बाहेर पडलेली ठाणे जिल्ह्यातली माणसं दर रविवारी सकाळी नौपाड्यात एका निवृत्त प्राध्यापक बाईंच्या घरी जमतात. जुनी इमारत, दुसरा मजला, दाराबाहेर चपलांची ओळ. मी आईजवळ बसायला एक बाई लावली आणि रविवार सोडायचा नाही असं ठरवलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी केंद्राची पांढरी गाडी तिथे यायची, ठाण्याहून सामान भरायची आणि दुपारी कल्याणवरून मुरबाडकडे निघायची.

त्या गाडीतून मी तिला मेतकूट पाठवायला लागले. केंद्रात संध्याकाळी मऊ भात असायचा, आणि मेतकूट म्हणजे तिचा जीव की प्राण. दुकानातलं तिला चालायचं नाही, त्यात नुसतं पीठ असतं म्हणायची. मी डाळी, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजायचे, मेथ्या जरा जपून, नाहीतर कडू होतं. आई खाटेवरून वास घेऊन सांगायची, "उडीद करपले." करपलेले नसायचे. काचेच्या बाटलीत भरून, तिच्या नावाचा कागद चिकटवून, मी ती बाटली गाडी चालवणाऱ्या गृहस्थांच्या हातात द्यायचे. केंद्रातल्यांची ती वेळ मौनाची, त्यामुळे ते नुसते हात जोडायचे, मीही जोडायचे. पुढच्या महिन्यात बाटली रिकामी होऊन परत यायची. घासलेली, खडखडीत वाळवलेली, झाकण वेगळं काढून फडक्यात गुंडाळलेलं, म्हणजे बंद बाटलीला वास येत नाही. ही तिची रीत होती. रिकामी बाटली हातात आली की मला तिचं उत्तर आल्यासारखं वाटायचं. परतीच्या वाटेवर मी पिशवीत हात घालून ती चाचपत बसायचे.

आणि मी विचारायची नाही. हे मला सांगायलाच हवं, कारण सगळं इथेच आहे. केंद्रात असताना ज्या नियमाची मी रोज वाट लावली, तो नियम बाहेर आल्यावर मी असा पाळला की मोठ्या ताईंनी शाबासकी द्यावी. तिथलं दुसरं काय उरलं होतं माझ्याजवळ? पहाटेची घंटा नाही, डोंगर नाही, सभागृह नाही. दिवसभर आईचं भांडं, आईची औषधं, गॅसचा नंबर, सोसायटीच्या बायका. नियम पाळला की मी अजून त्यांच्यातली आहे असं वाटायचं. नौपाड्याला कुणी नवीन माणूस चुकून म्हणालं, "अहो, ते अमुक काका हल्ली दिसत नाहीत," तर मी नुसती मान खाली घालायचे, म्हणजे त्याला समजावं. मला स्वतःचा मोठा अभिमान वाटायचा. तिने बघितलं असतं तर भुवया उंचावल्या असत्या, असं वाटायचं.

रविवारी दुपारी घरी आले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला. "कशी आहे गं तुझी ती मुकी मैत्रीण?"

"मजेत आहे," मी सांगायचे.

"बोललीस तिच्याशी?"

"बोलावं लागत नाही आई."

"माणसाची साधी चौकशी करायची नाही, हे कसलं मेलं अध्यात्म," असं म्हणून आई भिंतीकडे तोंड करायची. मी बाटली ओट्यावर ठेवून कुकर लावायला जायचे.

असे दोन पावसाळे गेले.

तो रविवार महिन्यातला शेवटचा होता. माझ्या पिशवीत भरलेली बाटली होती, सकाळीच भरलेली, अजून कोमट. बैठक झाली, पण घंटा वाजल्यावर प्राध्यापक बाई उठल्या नाहीत. हळू, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अजून थोडा वेळ बसायचं आहे. आपल्या एका साधिकेने गुरुवारी देह ठेवला. कल्याणला, त्यांच्या पुतण्याच्या घरी. आपण त्यांच्यासाठी बसू या." आणि त्यांनी नाव घेतलं.

ते तिचं नाव होतं. मला पहिल्यांदा वाटलं, दुसरी कुणी असेल त्याच नावाची. माझी जोडीदारीण केंद्रात आहे, कल्याणला कशी असेल? आजूबाजूला सगळ्यांनी डोळे मिटले होते. मी उघड्या डोळ्यांनी त्या बाईंकडे बघत राहिले. त्यांनी आडनाव सांगितलं होतं, शाळा सांगितली होती. मग माझ्या लक्षात आलं, की दोन वर्षांत या खोलीत तिचं नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. आता उच्चारता येत होतं. ती मेली होती.

मी बैठकीच्या मध्येच बोलले. आमच्यात असं कुणी करत नाही. "कल्याणला? कल्याणला कधीपासून?"

बाईंनी डोळे उघडले. "झाले की दोन पावसाळे. तुम्ही केंद्रातून निघालात, त्यानंतर थोड्याच दिवसांत. त्यांना श्वास लागायला लागला होता, चढण जमेना. पुतणे येऊन घेऊन गेले." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज आणखी खाली आला. "तुम्हाला ठाऊक असेल असं मी धरून चालले होते. तुम्ही दोघी जोडीच्या."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, ताई."

हे त्यांनी दुखवायला म्हटलं नव्हतं. त्या मुळातच कुणाला दुखवणाऱ्या नाहीत. त्यांनी खरं ते सांगितलं, आणि तेच माझ्याने ऐकवेना. मी म्हटलं, "मग माझ्या बाटल्या? दर महिन्याला माझी बाटली जात होती, तिचं नाव लिहून."

गाडी चालवणारे गृहस्थ कोपऱ्यात बसले होते. ते मौन मोडून म्हणाले, "बाटली मी स्वयंपाकघरात द्यायचो. पंगतीत सगळ्यांना वाढायचे." मग मला बरं वाटावं म्हणून, "फार चांगलं होतं," असंही म्हणाले.

तेव्हा मला जो राग आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. इतकी सगळी सज्जन माणसं. कुणी माझ्याशी खोटं बोललं नव्हतं, कुणाच्या मनात पाप नव्हतं. माझ्या हातातून तिच्या नावाची बाटली घेताना त्यांनी दर वेळी मनापासून हात जोडले होते. आणि रिकाम्या बाटलीचं झाकण फडक्यात गुंडाळायची ती रीत तिची नव्हतीच, ती त्या स्वयंपाकघराची होती. ती तिथेच शिकली होती, दुसरं कुणीही शिकलं असतं. मी दोन वर्षं कुणाचं तरी भांडी घासणं तिचं उत्तर म्हणून वाचत होते.

"पुतण्याचा नंबर आहे?" मी विचारलं.

विचारल्याबरोबर त्यांनी दिला.

आईजवळच्या बाईला फोन करून संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं आणि मी ठाण्याहून कल्याणला गेले. वाटेत डोंबिवली आली, माझं स्टेशन, आणि गेली. घर मुरबाड रोडवर निघालं. पहिला मजला, खिडकी रस्त्यावर. रिक्षातून उतरले तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण कळलं वर गेल्यावर.

दार पुतण्याच्या बायकोने उघडलं. पस्तिशीची, अंगात गाऊन, डोळे सुजलेले. पुतण्या अस्थी घेऊन नाशिकला गेला होता. मी कोण हे सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही डोंबिवलीच्या ना?"

मी मान हलवली.

"या ना आत. मला वाटलेलंच तुम्ही येणार." मग सावरून घेत, "म्हणजे, उशीर झाला, पण मला वाटलेलं."

तिने पाणी दिलं. भिंतीला एक खाट, गुंडाळलेली गादी, खिडकीपाशी प्लास्टिकची खुर्ची. मी विचारलं, "ती माझ्याबद्दल बोलायची?"

"नाही हो. काकू कोणाबद्दलच काही बोलायच्या नाहीत. एकदम स्ट्रिक्ट. पण विचारलं की सांगायच्या. रोज सहाला बसायच्या ना, तर दोन आसनं टाकायच्या. मी म्हटलं, काकू, दुसरं कोणासाठी? तर म्हणाल्या, माझ्या जोडीदारणीचं आहे, तिला नेहमी उशीर होतो."

मी ग्लास खाली ठेवला. डोंबिवलीत मी रोज एकच आसन घालत होते. तिचं आसन केंद्रात असणार, तिथे कुणीतरी घालत असणार, असं समजून.

ती पोरगी बोलत राहिली. तिलाही कुणाशी तरी बोलायचं होतं. "मग हळूहळू मी सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून. तुमची आई पडली, तुम्ही डोंबिवलीला गेलात, सगळं. मी म्हटलं, डोंबिवली काय लांब आहे का काकू, रिक्षाने जाऊ, शोधू. नाहीतर त्या सेंटरला फोन लावते, विचारते पत्ता. तर नको म्हणाल्या. म्हणाल्या, समोर नसलेल्या माणसाबद्दल विचारायचं नसतं."

"एवढंच म्हणाली?"

"नाही." ती मुलगी क्षणभर हसली, आणि त्या हसण्यात काकूंची लकब होती, ओठांच्या कडेला. "म्हणाल्या, मी नाही विचारणार, पण ती विचारील. तिच्या पोटात काही राहत नाही, ती गप्प बसणारी बाईच नाही. ती विचारील आणि येईल बघ."

मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. अनोळखी घरात, ओट्याला धरून, मोठ्याने. ती मागे उभी राहून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःही रडत होती. माझ्या जोडीदारणीने सहा वर्षं माझ्या ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि शेवटी सगळा भरवसा टाकला तो माझ्या आगाऊ तोंडावर. आणि नेमकं तेव्हाच मी शहाण्यासारखी गप्प बसले होते.

"रागावली होती का माझ्यावर?" मी विचारलं. हो म्हणावं असं वाटत होतं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"छे हो. शेवटी शेवटी फक्त बेल वाजली की दाराकडे बघायच्या. दूधवाला असला तरी."

मी डोळे पुसले. तिला म्हटलं, जेवायची का नीट? तर म्हणाली, शेवटचे तीन-चार महिने नुसता मऊ भात. मेतकूट मागायच्या. दुकानातून आणून दिलं तर एक घास खाऊन ताट बाजूला सारायच्या. म्हणायच्या, हे नाही गं, यात नुसतं पीठ आहे. मी पिशवीतून बाटली काढली आणि तिच्या ओट्यावर ठेवली. तिने बाटलीवरचा कागद वाचला, काकूंचं नाव, आणि माझ्याकडे बघितलं. मग मला सांगावं लागलं, दर महिन्याला पाठवत होते, गाडीने.

"पांढरी गाडी? मागे कमळासारखं काहीतरी आहे, ती?"

"हो."

ती खिडकीशी गेली, त्या प्लास्टिकच्या खुर्चीजवळ. "ती तर इथून जाते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी काकू जेवण झालं की इथे येऊन बसायच्या. गाडी दिसली की हात जोडायच्या. मी एकदा म्हटलं, थांबवू का? तर म्हणाल्या, नको, त्यांना उशीर होईल."

माझी बाटली तिच्या खिडकीखालून जात होती. ती वरून नमस्कार करत होती. हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवून बघते, अजूनही, आणि कुठूनही बघितलं तरी ते तसंच राहतं.

सहा वाजत आले तसं त्या पोरीने न विचारता कपाटातून दोन आसनं काढली आणि खाटेच्या समोर घातली. चारी कोपरे सरळ केले. काकूंना बघून शिकली असणार. "तुमचं हे डावीकडचं," म्हणाली, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. मी बसले. डोळे मिटले, पण मिटून राहीनात. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. उजवीकडचं आसन सतरंजीच्या कापडाचं होतं, वापरून मध्ये मऊ पडलेलं. माझं कोरं करकरीत होतं, दोन वर्षं रोज घालून रोज तसंच उचललेलं. मी पूर्ण वेळ तिच्याशी बोलत होते. विचारलं नाही गं मी. तू सांगितलेलं ऐकलं एकदाचं, म्हणून विचारलं नाही. तासभर मी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते, आणि उजवीकडून कुणी माझ्या तोंडावर बोट ठेवलं नाही.

घरी पोचले तेव्हा आई जागी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "एवढा उशीर? कशी आहे तुझी मैत्रीण?"

मी खाटेच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. आईने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, असं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी तुला दर रविवारी विचारत होते."

"हो."

"आणि तू म्हणायचीस मजेत आहे. कुणाला विचारून म्हणायचीस?"

आई आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले होते, बोलली असती तर ऐकूनही घेतलं असतं. तिने मोडक्या पायाला हाताने धरून जरा पलीकडे सरकवलं, खाटेवर जागा केली आणि म्हणाली, "पड इथे थोडी." मी पडले. स्वयंपाक त्या दिवशी झालाच नाही. दोघींनी दूध-बिस्किटं खाल्ली.

केंद्राशी मी भांडले नाही. मनात पुष्कळ भांडले, मोठ्या ताईंना लिहायची वाक्यंही ओठांवर तयार होती. पण लिहिणार काय? नियम चुकीचा आहे, असं? त्याच नियमामुळे ती मला आवडायची. ती तशी होती म्हणून तर तिच्या शेजारी बसावंसं वाटायचं. आई म्हणते, सोड आता ती माणसं. सोडता येत नाहीत. तिला ओळखणारं जगात दुसरं कोण आहे? तिचं नाव घेतलं की ज्यांना तिचा चेहरा आठवतो ती माणसं नौपाड्याच्या त्या खोलीतच आहेत. म्हणून मी रविवारी जाते. शेवटच्या रविवारी पांढरी गाडी येते, मी तिच्याकडे बघत नाही. मेतकूट त्यानंतर मी भाजलेलं नाही.

एक मात्र करते. बैठक संपली, सगळे दाराशी चपला घालायला वाकले, की मी विचारायला लागते. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते मुलुंडचे काका आले नाहीत तीन रविवार, कुठे आहेत? त्या कळव्याच्या ताईंच्या डोळ्याचं काय झालं? सुरुवातीला माना खाली जायच्या. एक-दोघं अजून घालतात. पण विचारल्यावर टाळायचं नाही हाही त्यांचाच नियम, त्यामुळे कुणीतरी सांगतंच. काका मुलीकडे गेलेत. ताईंचं ऑपरेशन झालं, बऱ्या आहेत. माझ्या चपलेचा पट्टा लावून होईपर्यंत उत्तर मिळालेलं असतं. एवढंच तर लागत होतं.